कुणीतरी सांगितलेलं गाव

जॉन कॅबट 1497 च्या मे महिन्यात ब्रिस्टलहून निघाला, तेव्हा त्याला आपल्या बाजूला यायचं होतं. मसाल्यांचा, रेशमाचा मुलूख त्याच्या मनात होता आणि पश्चिमेला सरळ जात राहिलं की आशियाचा किनारा लागतो, असा त्याचा हिशोब होता. 'मॅथ्यू' हे त्याचं गलबत लहानसंच, बरोबर माणसं जेमतेम वीस. जूनअखेरीला जमीन दिसली ती उत्तर अमेरिकेची, न्यूफाउंडलंडच्या बाजूची. आपण आशियाला पोचलो याच समजुतीत तो परत फिरला. त्या सफरीला पाचशे वर्षं झाली तेव्हा, 1997 मध्ये, ब्रिस्टलकरांनी नव्यानं बांधलेलं तसंच लाकडी गलबत न्यूफाउंडलंडपर्यंत नेलं. इथल्या बंदरात ते आजही डोलताना दिसतं.

माझी मुलगी शाळेच्या सहलीत त्या गलबतावर चढून आली आणि घरी येऊन तिनं जाहीर केलं की तिला न्यूफाउंडलंडला जायचंय. तिच्या वर्गातल्या मुली फ्लोरिडा आणि टेनेरिफची नावं घेतात. हिला मात्र बर्फाचे डोंगर तरंगणारा तो किनारा हवा आहे. गलबतावरच्या एका म्हाताऱ्या स्वयंसेवकानं दोर हातात धरून ती गोष्ट सांगितली होती, आणि ती तिच्या मनात रुतली. मला याचं नवल वाटलं नाही. आमच्या घरात जो कुणी जिथं म्हणून जायचं म्हणत आला, त्याच्यामागे असा एक सांगणारा उभा असतो.

मी तिच्या वयाची असताना वाईत होते आणि मला मुंबईला जायचं असायचं. उन्हाळ्याची सुट्टी लागली की गिरगावात आजोळी. राणीचा बाग, दुमजली बस, चौपाटी हे सगळं होतंच. पण खरी ओढ होती ती आजोबांबरोबर बॅलार्ड पिअरला जायची. आजोबा पोर्ट ट्रस्टमध्ये कारकून होते. निवृत्त झाल्यावरही संध्याकाळी त्यांचे पाय गोदीकडे वळायचे. विलायतेला जाणारी माणसं गळ्यात हार घालून कशी उभी असायची, बोट सुटली की धक्क्यावरच्या बायका पदर तोंडाशी कशा धरायच्या, हे ते सांगायचे तेव्हा मला सारं डोळ्यांपुढे दिसायचं. हजारो माणसांची जाण्याची कागदपत्रं त्यांच्या हाताखालून गेली. स्वतः ते बोटीनं रेवसच्या पलीकडे गेले नाहीत. 17 जुलै 1947 ला, गटारी अमावास्येच्या सकाळी, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडाली. सहाशेहून जास्त माणसं गेली. त्या आठवड्यात आजीनं त्यांना शपथ घातली ती कायमची. त्यांच्या तोंडून मला जिब्राल्टर, एडन, पोर्ट सैद ही नावं भूगोलाच्या पुस्तकाआधी कळली. ब्रिस्टल हे नाव मात्र पुस्तकातूनच आलं. गलिव्हर आपल्या पहिल्या सफरीला निघतो तो ब्रिस्टलहून, आणि 'ट्रेझर आयलंड'मधलं जहाजही इथूनच शीड उभारतं. शाळेच्या ग्रंथालयातल्या संक्षिप्त मराठी पुस्तकात ते नाव वाचलं तेव्हा मला वाटलं होतं, तेही लिलिपुटसारखंच कुठंतरी गोष्टीतलं बेट असेल.

वाईच्या घरात मात्र बोटींची गोष्ट नव्हती. तिथं होती थोरली आजी, म्हणजे माझ्या वडिलांची आजी. तिचं माहेर मेणवली आणि सासर वाई, म्हणजे कृष्णेच्या काठानं जेमतेम तासाभराची चाल. तिच्या लहानपणी बाईच्या जातीनं बोलून दाखवावं असं एकच लांबचं ठिकाण होतं, काशी. काशीला जायचं असं रोज म्हणत राहावं, म्हटल्याचंही पुण्य लागतं, असं तिला तिच्या आजीनं शिकवलं होतं. मला हे फार शहाणपणाचं वाटतं. जायला मिळो न मिळो, नाव तोंडात ठेवायचं, म्हणजे ते पुढच्या पिढीच्या तोंडात जातं. ज्यांना काशी जमत नसे त्यांच्यासाठी वाई होतीच. आमच्या गावाला दक्षिण काशी म्हणतात. पण वाईत राहणाऱ्यांनी काय करायचं? त्यांना खरीच काशी हवी.

थोरल्या आजीच्या सासरची एक बाई पायी काशीला गेली होती, अशी आमच्याकडची कहाणी. निघण्याआधी घराच्या किल्ल्या सुनेच्या हाती दिल्या, देणीघेणी मिटवली, कारण परत येण्याचा भरवसा नसे. या कहाणीला तारखा नाहीत. पण त्या वाटेवर काय काय घडू शकत होतं ते एका माणसानं लिहून ठेवलं म्हणून आपल्याला कळतं. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे 1857 मध्ये काकांबरोबर उत्तरेकडे निघाले. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंद्यांच्या यज्ञात दक्षिणा मिळेल, कर्ज फिटेल आणि जमलं तर काशी होईल, असा बेत. वाटेत बंड पेटलं. झाशीचा वेढा त्यांनी आतून पाहिला. लुटले गेले, उपाशी राहिले, आणि तरीही आईवडिलांना स्नान घालण्यासाठी गंगेची कावड खांद्यावर घेऊन ते वरसईला परत आले. त्यांचं 'माझा प्रवास' 1907 मध्ये चिंतामणराव वैद्यांनी छापून आणलं. कर्ज फेडायला निघालेला एक भिक्षुक इतिहासाच्या ऐन मध्यात सापडतो आणि तरी गंगेचं पाणी विसरत नाही, हे मला त्या पुस्तकात सगळ्यात मोठं वाटतं.

ब्रिस्टलच्या सुक्या गोदीत 'ग्रेट ब्रिटन' नावाची लोखंडी बोट आहे. ब्रुनेल या इंजिनिअरनं ती इथंच बांधली आणि 1843 मध्ये ती पाण्यात उतरली. पुढं तिनं हजारो लोक ऑस्ट्रेलियाला नेले, आणि शेवटी फॉकलंड बेटांजवळ गंजत पडलेली असताना तिला ओढून 1970 मध्ये ती जन्मली त्याच गोदीत परत आणलं. आता तिथं शाळांच्या सहली येतात. मीही मुलीला घेऊन जाते. तिथल्या माहितीत एक नोंद आहे, ती पहिल्यांदा वाचली तेव्हा मी बराच वेळ तिथंच उभी राहिले. 1857 च्या अखेरीला हीच बोट ब्रिटिश घोडदळाचे शिपाई घेऊन मुंबई बंदरात आली होती. म्हणजे वरसईचे भटजी काशीची वाट धुंडाळत उत्तरेत फिरत होते, त्याच महिन्यांत ब्रिस्टलमध्ये बांधलेली बोट ते बंड मोडायला माणसं आणत होती. ज्या डेकवर माझी मुलगी शेंगदाण्याची चिक्की खात फिरते, तिथं ते शिपाई उभे राहून पहिल्यांदा मुंबईचा किनारा पाहत असतील. त्यांच्यातल्या एखाद्याला लहानपणी कुणी हिंदुस्थानची गोष्ट सांगितली असेल का?

थोरल्या आजीला काशीचं आणखी एक रूप ठाऊक होतं, आणि ते तिनं आम्हाला फार हळू आवाजात सांगितलं. आमच्या साताऱ्याचे छत्रपती प्रतापसिंह महाराज. इंग्रजांनी 1839 मध्ये त्यांना गादीवरून काढलं आणि काशीला नेऊन ठेवलं. 1847 मध्ये ते तिथंच गेले. ज्या गावाला जायला लोक आयुष्यभर पैसे साठवत, तो त्यांचा बंदिवास झाला. त्यांची बाजू मांडायला रंगो बापूजी गुप्ते हा त्यांचा वकील लंडनला गेला आणि चौदा वर्षं तिथं झगडत राहिला. धनी गेले, राज्य खालसा झालं, तरी तो माणूस कंपनीच्या दारात उभाच. 1853 मध्ये हात हलवत परत आला. पुढं सत्तावनच्या धामधुमीत त्याच्या मुलाला फाशी झाली आणि तो स्वतः कुठं गेला ते कुणालाच कळलं नाही. "राजा काशीला आणि वकील विलायतेला, दोघंही घराबाहेर," असं ती म्हणायची. तिच्या लेखी विलायत हे कधी मौजेचं ठिकाण नव्हतंच. तिथं माणूस न्याय मागायला जातो आणि रिकाम्या हातानं येतो. मी इंग्लंडला निघाले तेव्हा ती हयात नव्हती. असती तर तिनं आधी विचारलं असतं, काम काय काढलंस?

ती स्वतः काशीला गेली ती धाकट्या लेकीचं लग्न झाल्यावर, आळीतल्या बायकांच्या जथ्यातून, तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून. पिठलं-भाकरीचं पीठसुद्धा बरोबर. काशीत तिनं पेरू आणि भेंडी सोडली, दोन्ही तिच्या आवडीची. परत आल्यावर मावंदं झालं, गंगेच्या गडूंची पूजा झाली, साऱ्या आळीला जेवण. त्या मावंद्याच्या पंगतीतच पुढच्या काशीकरणी तयार झाल्या असणार, कारण जेवताना ती काशीच सांगत होती.

आगगाडीनं काशीला जाणं शक्य झालं त्याची एक तारीख आहे, आणि ती मला ब्रिस्टलमध्ये आल्यावर नीट समजली. मुंबईहून निघालेला लोहमार्ग मार्च 1870 मध्ये अलाहाबादकडून येणाऱ्या मार्गाला जोडला गेला. त्याच्या अवघे चार महिने आधी, नोव्हेंबर 1869 मध्ये, सुएझचा कालवा उघडला होता. एका हिवाळ्यात मराठी माणसासाठी काशी काही महिन्यांवरून काही दिवसांवर आली आणि विलायत आफ्रिकेच्या वळशातून सुटली. धर्माची वाट आणि शिक्षणाची वाट एकाच वेळी मोकळी झाली. मात्र पहिली चालली की मावंदं व्हायचं आणि दुसरी चालली की प्रायश्चित्त घ्यावं लागायचं. 1883 मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडला आणि आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या, तेव्हा त्यांच्याविषयी काय काय बोललं गेलं ते आपल्याला माहीत आहे. थोरल्या आजीच्या पिढीतल्या बाईनं विलायत मनातही आणली नाही यात तिची चूक नव्हती. तिला तिथली गोष्ट सांगणारी बाईच कुणी भेटली नव्हती.

आता ब्रिस्टलमधली खरी गोष्ट सांगते, जिच्यासाठी हा लेख लिहायला घेतला.

राजा राममोहन रॉय नोव्हेंबर 1830 मध्ये कलकत्त्याहून 'अल्बियन' जहाजातून निघाले. युरोप पाहायची त्यांची इच्छा फार जुनी होती, निघाले तेव्हा साठीला टेकले होते. दिल्लीच्या बादशहाचं काम घेऊन, त्यानंच दिलेला राजा हा किताब लावून, एप्रिल 1831 मध्ये ते लिव्हरपूलला उतरले. फ्रान्सला जायचं तर परवाना लागतो असं कळल्यावर त्यांनी फ्रान्सच्या परराष्ट्रमंत्र्याला पत्र लिहिलं. सारी मानवजात एक कुटुंब असताना एका देशाच्या माणसाला दुसऱ्या देशात जायला अशी आडकाठी कशासाठी, असा त्या पत्राचा आशय. व्हिसाच्या रांगेत उभ्या राहिलेल्या प्रत्येकानं हे ध्यानात ठेवावं की या विषयावर आपल्यातल्या एका माणसानं 1831 मध्येच लेखी तक्रार केली होती. पुढच्या वर्षी ते पॅरिसला जाऊन आले.

सप्टेंबर 1833 मध्ये ते ब्रिस्टलला आले, इथल्या युनिटेरियन पंथाचे धर्मोपदेशक लँट कार्पेंटर यांच्या बोलावण्यावरून. गावाबाहेर स्टेपलटन ग्रोव्ह नावाच्या घरात उतरले. काही दिवसांतच तापानं अंथरुणाला खिळले आणि 27 सप्टेंबरला गेले. त्याच घराच्या आवारात झाडांखाली त्यांना पुरलं. दहा वर्षांनी द्वारकानाथ टागोरांनी पुढाकार घेऊन त्यांना आर्नोस व्हेलच्या दफनभूमीत आणलं आणि त्यावर बंगाली धर्तीची दगडी छत्री उभी केली. विल्यम प्रिन्सेप यांनी आराखडा केलेली ती छत्री आजही तिथं आहे, बाथ रस्त्याला लागून, ओल्या हिरव्या झाडीत.

त्या सप्टेंबरात लँट कार्पेंटर यांची मुलगी मेरी सव्वीस वर्षांची होती. पाहुण्याचं बोलणं तिनं ऐकलं, मग त्यांचं जाणंही पाहिलं. हिंदुस्थानला जायचं हे तिच्या मनात तेव्हाच आलं. पण जायचं कसं? लग्न नाही, हाती फार पैसा नाही, आणि डोळ्यांपुढे ब्रिस्टलच्या गल्ल्यांतली अनाथ पोरं. तिनं आधी ती पोरं घेतली. 1846 मध्ये ल्युइन्स मीड या वस्तीत फाटक्या कपड्यांतल्या मुलांची शाळा, 1854 मध्ये रेड लॉज या जुन्या घरात मुलींची सुधारशाळा. हे सगळं उभं करताना हिंदुस्थान तिथंच राहिला, पण ती विसरली नाही. 1866 मध्ये तिनं राममोहन यांच्या इंग्लंडमधल्या अखेरच्या दिवसांवर पुस्तक काढलं आणि त्याच वर्षी, वयाच्या एकोणसाठाव्या वर्षी, बोटीत बसली. कालवा अजून खुला झाला नव्हता, म्हणून मिसर जमिनीवरून ओलांडून तांबड्या समुद्रातून मुंबईला. तेहेतीस वर्षं मनात वागवलेला हिंदुस्थान शेवटी तिच्या डोळ्यांनी पाहिला. मुलींच्या शाळा, तुरुंग, इस्पितळं असं सगळं बघत ती अहमदाबादेपासून कलकत्त्यापर्यंत फिरली. मुलींना शिकवायला स्त्री शिक्षिका हव्यात आणि त्या तयार करायला शाळा हव्यात, हे तिनं सरकारच्या मागे लागून सांगितलं. मग आणखी तीनदा आली. शेवटची खेप 1875 मध्ये, अडुसष्टाव्या वर्षी. 1870 मध्ये तिनं ब्रिस्टलमध्ये नॅशनल इंडियन असोसिएशन काढली, आणि 1877 मध्ये ती गेली तेव्हा तिलाही आर्नोस व्हेललाच पुरलं. ज्याच्या तोंडून तिनं हिंदुस्थान ऐकला तो माणूस आणि ती, दोघं एकाच टेकडीवर आहेत.

कार्पेंटरबाईंची ही हकीकत मी रेड लॉजमध्ये पहिल्यांदा वाचली. तोपर्यंत मी असं मानत होते की वय वाढलं की स्वप्नातली गावं जवळ येत जातात. थोरल्या आजीचं तसंच झालं होतं. काशी झाली, रामेश्वर राहिला, आणि ऐंशीनंतर तिला फक्त मेणवलीला जायचं असायचं. घाटाच्या पायऱ्यांवर बसायचं, वसईहून पेशवाईत आणलेली ती पोर्तुगीज घंटा बघायची आणि परत यायचं. एवढंच. आम्ही तिला रिक्षानं नेत असू. मेरी कार्पेंटरनं माझा समज मोडला. गाव जवळचं की लांबचं हे वय ठरवत नाही. कुणाचं बोलणं मनात राहिलंय, त्यावर ते ठरतं. थोरल्या आजीच्या मनात शेवटी तिची आई बोलत होती म्हणून मेणवली. मेरीच्या मनात राममोहन बोलत होते म्हणून मुंबई.

आमच्या ब्रिस्टलमधले एक काका आहेत, आता नव्वदीच्या उंबरठ्यावर. देवगड तालुक्यातले. नात्याचे नाहीत, पण इथल्या मराठी घरांत सगळी मुलं त्यांना आजोबाच म्हणतात. 1966 मध्ये ते बॅलार्ड पिअरवरून इटलीच्या बोटीत बसले. त्या काळात परकीय चलनाची इतकी टंचाई की माणसाला फक्त तीन पौंड बरोबर नेता येत. जिनोआला उतरून आगगाडीनं लंडन, तिथून ब्रिस्टल. अनंत काणेकरांचं 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' त्यांच्या मास्तरांनी वर्गात वाचून दाखवलं होतं, तेव्हापासून त्यांना युरोप पाहायचा होता. "बोटीत पाऊल टाकलं तेव्हा मास्तरच आठवले गं, आई नंतर आठवली," असं ते मोकळेपणानं सांगतात.

ब्रिस्टलला आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांना घेऊन जाणाऱ्या जुन्या पंजाबी गृहस्थांनी बसच्या कंडक्टरकडे बोट दाखवलं होतं. तो कंडक्टर काळ्या वर्णाचा होता आणि ते दाखवण्यासारखंच होतं. तीनच वर्षांपूर्वी शहराची बस कंपनी काळ्या आणि आशियाई माणसांना कंडक्टर किंवा ड्रायव्हर म्हणून घेत नव्हती. 1963 च्या एप्रिलअखेरीला पॉल स्टीव्हनसन या तरुणाच्या पुढाकारानं इथल्या वेस्ट इंडियन लोकांनी बसवर बहिष्कार घातला. चार महिने लोक चालत गेले, विद्यार्थी मोर्चे काढत राहिले, आणि ऑगस्टच्या 28 तारखेला कंपनीनं बंदी उठवली. सप्टेंबरात रघबीर सिंग हे पहिले बिगर-गोरे कंडक्टर झाले. दोन वर्षांनी ब्रिटननं वर्णभेदाविरुद्ध पहिला कायदा केला. काका म्हणतात, "स्वप्नातल्या गावाला पोचणं निराळं आणि तिथं आपल्याला हात धरून बस म्हणणं निराळं. ते दुसरं काम आमच्याआधीच्यांनी करून ठेवलं होतं." ही ओळख त्यांनी कधी सोडली नाही. नव्यानं आलेल्या प्रत्येक मराठी मुलाला ते हा बहिष्कार सांगतात, मलाही सांगितला.

त्यांनी फिल्टनच्या विमान कारखान्यात आयुष्य घालवलं, नकाशे काढण्याच्या खात्यात. 9 एप्रिल 1969 ला ब्रिटनमध्ये बांधलेलं पहिलं कॉन्कॉर्ड फिल्टनहून उडालं ते त्यांनी कुंपणाशी उभं राहून पाहिलं. नोव्हेंबर 2003 मध्ये शेवटचं कॉन्कॉर्ड क्लिफ्टनच्या झुलत्या पुलावरून फिरून तिथंच उतरलं, तेव्हाही ते हजर होते. जगातल्या सगळ्यात वेगवान प्रवासी विमानांपैकी एकासाठी राबलेल्या या माणसाला म्हातारपणी हवी होती कोकणची आगबोट. भाऊच्या धक्क्यावरून सकाळी सुटायची, जयगड, रत्नागिरी, मुसाकाझी, विजयदुर्ग करत जायची. बोट लागून माणसं आडवी व्हायची. मग अंधारात देवगडसमोर ती थांबायची, होडी खाली यायची, त्यात उतरायचं आणि किनाऱ्यावर कंदील घेऊन वडील उभे. ती बोट कधीच बंद झाली. 1998 पासून कोकण रेल्वे आहे, 2021 पासून चिपीला विमानतळ आहे. मुलांनी त्यांना विमानाचं तिकीट काढून देतो म्हटलं. ते नको म्हणाले. "देवगडला मागच्या दारानं नाही जायचं मला."

मागच्या हिवाळ्यात पुतण्यानं तोड काढली. काकांना गाडीनं नेलं, एक रात्र ठेवलं, आणि पहाटे एका ओळखीच्या तांडेलाच्या मच्छीमार बोटीत बसवून बंदराबाहेर समुद्रात नेलं. तिथून बोट वळवली आणि काका समुद्राकडून देवगडला आले. धक्क्यावर घरातली सगळी मंडळी उभी होती. हे मला त्यांनी स्वतः सांगितलं, आणि सांगताना त्यांचा आवाज जराही कापला नाही. पोचलेल्या माणसाचा आवाज होता तो.

माझ्या आईची पिढी या सगळ्यांहून निराळी, आणि मला वाटतं, सगळ्यात भाग्यवान. तिच्या लग्नानंतरची वर्षं बाबांच्या रजा-प्रवास सवलतीवर गेली. दर काही वर्षांनी कन्याकुमारी, काश्मीर, म्हैसूर. मग केसरी पाटलांनी 1984 मध्ये सुरू केलेल्या सहली आल्या. मराठी माणूस मराठी टूर लीडरबरोबर, जेवणात वरणभात मिळेल या खात्रीनं, आल्प्सच्या बर्फापर्यंत पोचू लागला. नवविवाहितांची सहल वेगळी, फक्त बायकांची वेगळी, ज्येष्ठांची वेगळी. प्रत्येक वयाला त्याचं त्याचं ठिकाण छापील पत्रकात मिळालं. त्याला नाकं मुरडणारे पुष्कळ आहेत. मी मुरडत नाही. जिनं उभ्या आयुष्यात एकटीनं पुण्याचीही बस पकडली नव्हती, अशी आमच्या शेजारची बाई सत्तरीत बायकांच्या सहलीतून स्वित्झर्लंड पाहून आली आणि परत आल्यावर बँकेचे व्यवहार स्वतः करू लागली. एवढं पुण्य काशीत तरी मिळतं का, मला शंका आहे.

आई बहात्तराव्या वर्षी आमच्याकडे ब्रिस्टलला आली. मी तिला आर्नोस व्हेलला नेलं. छत्रीपाशी ती खूप वेळ उभी राहिली. मला वाटलं, आता लंडन नाहीतर स्कॉटलंडचं काही बोलेल. ती म्हणाली, "आनंदीबाईंचंही असंच काही असेल ना गं तिकडे?" आई चाळीस वर्षं वाईत मुलींच्या शाळेत मराठी शिकवत होती. श्री. ज. जोश्यांची 'आनंदी गोपाळ' तिनं किती तुकड्यांना वाचून दाखवली असेल. आनंदीबाई डॉक्टर होऊन परतल्या आणि फेब्रुवारी 1887 मध्ये पुण्यात गेल्या, वय एकवीस. गोपाळरावांनी त्यांच्या अस्थी अमेरिकेत त्यांना लेकीसारखं सांभाळणाऱ्या बाईंकडे पाठवल्या. न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी गावात त्या कुटुंबाच्या जागेत त्या ठेवल्या आहेत, आणि त्या बाईंचंही आडनाव कार्पेंटरच. आईला आता पकिप्सीला जायचंय. सहलींच्या पत्रकात नायगारा आहे, पकिप्सी नाही, म्हणून पुढच्या वर्षी मी, आई आणि माझी मुलगी तिघी जाणार आहोत. मुलीनं नकाशा पाहून आधीच विचारलंय, तिथून न्यूफाउंडलंड किती लांब?

वाचकांना एक विनंती आहे. तुमच्या घरात जे कुणी सर्वांत वडीलधारं असेल, त्यांना या महिन्यात विचारा की लहानपणी त्यांना कुठं जायचं होतं, तरुणपणी कुठं आणि आत्ता कुठं. प्रत्येक वेळी हेही विचारा की त्या गावाबद्दल त्यांना पहिल्यांदा कुणी सांगितलं होतं. बोटीचं, गाडीचं नाव आठवत असेल तर तेही लिहून घ्या. आमच्या घरात थोरल्या आजीचं काशीचं वर्ष कुणीच लिहून ठेवलं नाही. तुम्ही वर्ष विचारायला विसरू नका.